दिव्याचा पाठ : फ्रेंच आर्ट डेको दीपकला, तिचे कलावंत आणि संग्रहाची चिकित्सा

१. प्रास्ताविक

नाण्यांचा संग्राहक नाणे जपतो, हस्तलिखितांचा संग्राहक हस्तलिखित जपतो. दिव्यांच्या संग्राहकाची स्थिती मात्र थोडी वेगळी आहे. ज्या प्रयोजनासाठी दिवा घडवला गेला ते प्रयोजन, म्हणजे प्रकाश, त्याला जपता येत नाही. त्याच्या हाती उरतात त्या काच, धातू, दगड आणि तार. मूळ खोली गेलेली असते, मूळ बल्ब कधीच जळून गेलेला असतो, आणि ज्या डोळ्यांसाठी तो उजेड योजला होता ते डोळेही मिटलेले असतात. अशा स्थितीत दिव्याचे 'अस्सलपण' नेमके कशात असते, हा प्रश्न बाजारभावाचा आहेच. त्याहून अधिक तो चिकित्सेचा आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न अपरिचित वाटण्याचे कारण नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात समया, लामणदिवे, पणत्या यांचा जो विपुल संग्रह आहे, तो 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या एका कवीने उभा केला, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. दिव्याकडे पाहण्याची वाङ्मयीन दृष्टी आपल्याकडे होती. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने एका परक्या परंपरेकडे, दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या फ्रेंच दीपकलेकडे, पाहण्याचा प्रयत्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ज्ञात असलेली पाठचिकित्सेची पद्धत येथे उपयोगी पडते, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. हस्तलिखितात प्रक्षेप असतात, पाठभेद असतात, पुष्पिका असते. दिव्यातही या तिन्ही गोष्टी आढळतात.

२. संज्ञा आणि काळ

'आर्ट डेको' ही संज्ञा ज्या काळाला लावली जाते, त्या काळातील कलावंतांनी ती आपल्या शैलीचे नाव म्हणून वापरली नव्हती. १९२५ साली एप्रिल ते ऑक्टोबर या काळात पॅरिसमध्ये आधुनिक सजावटी व औद्योगिक कलांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. त्या प्रदर्शनाच्या फ्रेंच नावातील 'आर देकोरातीफ' या शब्दांपासून पुढे ही संक्षिप्त संज्ञा तयार झाली. १९६६ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने त्या काळाचे पुनरावलोकन करणारे प्रदर्शन भरवले आणि १९६८ मध्ये बेव्हिस हिलियर यांच्या पुस्तकामुळे ही संज्ञा इंग्रजीत रूढ झाली. सारांश, नाव मिळाले ते वस्तू जुन्या झाल्यावर. वाङ्मयेतिहासातील पुष्कळ कालखंडांचे असेच झालेले आहे.

त्या प्रदर्शनात प्रकाशाला मध्यवर्ती स्थान होते. रने लालिक यांनी उभारलेले सुमारे १५ मीटर उंचीचे काचेचे कारंजे आतून उजळत असे. त्याच वर्षापासून आयफेल मनोऱ्यावर सिट्रोएन या मोटार कंपनीची जाहिरात विजेच्या दिव्यांनी झळकू लागली आणि ती १९३४ पर्यंत टिकली. जाक-एमिल रूलमान यांच्या दालनाचे नावच 'संग्राहकाचे निवासस्थान' असे होते. वास्तुरचना पिएर पातू यांची होती, आणि मुख्य दिवाणखान्यात काचमण्यांचे भव्य झुंबर टांगलेले होते. या शैलीने आपल्या ऐन भरात संग्राहकाची कल्पना केली होती. पुढे चार दशकांनी तो खरोखरच अवतरला.

३. ज्योत आणि तंतू

ही दीपकला समजून घ्यावयाची तर विजेने दिव्याच्या रूपात काय बदल घडवला, हे आधी पाहिले पाहिजे. तेलाची, मेणाची किंवा वायूची ज्योत नेहमी वर जाते. तिला हवा लागते, तिची काजळी धरते, तिच्यावर पेटणारी वस्तू ठेवता येत नाही. म्हणून समई असो की युरोपीय मेणबत्तीचे झाड असो, दिव्याची मूळ रचना उभी व उघडी राहिली. विजेच्या बल्बाला हे बंधन नाही. तो उलटा टांगता येतो, आडवा ठेवता येतो, काचेच्या बंद भांड्यात लपवता येतो.

या स्वातंत्र्याबरोबर एक अडचणही आली. टंगस्टनच्या तंतूचे आणि १९१३ नंतर वायू भरलेले बल्ब इतके प्रखर होते की त्यांच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे त्रासदायक ठरे. त्यामुळे दीपकारापुढील प्रश्नच उलटला. पूर्वी अपुरा उजेड वाढवायचा असे, म्हणून लोलक आणि आरसे वापरले जात. आता अतिरिक्त उजेड सौम्य करायचा होता. तो गाळायचा, पसरवायचा, भिंतीवर किंवा छतावर टाकून परतवायचा, हे या कलेचे कार्य ठरले. दुधी काच, अलाबास्टर आणि लपवलेला बल्ब ही त्याची तीन उत्तरे होत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनेक विजेचे दिवे मेणबत्तीची नक्कल करीत होते. १९२५ च्या आसपासच्या चांगल्या दिव्यांनी ही नक्कल सोडून दिली.

४. दीपकार आणि त्यांची द्रव्ये

या काळातील दीपकारांची यादी करण्यापेक्षा त्यांनी निवडलेल्या द्रव्यांनुसार त्यांची मांडणी करणे अधिक बोधप्रद ठरते.

(अ) काच. लालिक (१८६०-१९४५) हे मूळचे जवाहिरे. अत्तराच्या कुप्यांच्या निमित्ताने ते काचेकडे वळले, आणि पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी आल्सास प्रांतातील विंगेन-स्यूर-मोदेर येथे कारखाना उभारला. साच्यात दाबून घडवलेली काच हे त्यांचे माध्यम होते. त्यांच्या अपारदर्शी-दुधी काचेचा एक गुण संग्राहकाने अवश्य ध्यानात ठेवावा : वरून उजेड पडला की ती निळसर दिसते आणि आतून दिवा लावला की तिला मधाचा पिवळा-तांबूस रंग चढतो. म्हणजे न पेटलेला आणि पेटलेला दिवा हे एकाच वस्तूचे दोन पाठ असतात, आणि कलावंताला दोन्ही अभिप्रेत असतात. मारियुस-एर्नेस्ट साबिनो यांनीही याच प्रकारच्या काचेत विपुल काम केले.

नान्सी येथील दोम बंधूंच्या कारखान्याची परंपरा याहून जुनी आहे. फुलापानांच्या आर्ट नूवो शैलीतून तो या काळात जाड, आम्लाने खोल कोरलेल्या भौमितिक काचेकडे आला. शार्ल आणि एर्नेस्ट श्नेदेर या बंधूंनी आधी दोम यांच्याकडे काम केले होते. एपिने-स्यूर-सेन येथील आपल्या कारखान्यात त्यांनी रंगीत भुकटी काचेच्या थरांत मिसळून ज्वालेसारखे, ढगाळ रंग साधले. ल्युनेव्हिलचे म्युलर बंधू याच पट्ट्यातील. मध्यमवर्गीय फ्रेंच घरांत जे दिवे पोहोचले ते बहुतांशी या कारखान्यांचे होते, आणि आजही नव्या संग्राहकाच्या आवाक्यात प्रथम तेच येतात.

(आ) धातू. एदगार ब्रांट (१८८०-१९६०) यांनी घडीव लोखंडाला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली. १९२५ च्या प्रदर्शनात त्यांचे काम ठळकपणे दिसत होते. 'मोह' या अर्थाच्या नावाचा त्यांचा दिवा प्रसिद्ध आहे. त्यात टोपलीतून वर उठणारा कांस्य नाग दोम यांची काचेची छटा वेटोळ्यात धरून उभा असतो. पौर्वात्य गारुड्याविषयीची युरोपीय कल्पना त्यात स्पष्ट दिसते. आपल्या वाचकाला नाग आणि दिवा यांची सांगड नवी नाही. येथे मात्र नाग रक्षक नसून भुरळ घालणारा आहे. ब्रांट यांचे नाव उखळी तोफांच्या रचनेशीही निगडित आहे, हा त्या काळाचा एक बोलका अंतर्विरोध म्हणावा लागेल.

(इ) अलाबास्टर. हा मऊ, अर्धपारदर्शक दगड उजेड गाळण्यासाठी जणू निसर्गानेच घडवला आहे. आल्बेर शरे यांनी तो कांस्याबरोबर वापरला. त्यांच्या दिव्यांत पक्ष्यांच्या पंखांचा आणि पानांचा भास होतो. पिएर शारो (१८८३-१९५०) यांनी मात्र त्यातून सर्व अलंकरण काढून टाकले. अलाबास्टरच्या पातळ पाट्या काळ्या लोखंडी पट्ट्यांवर पंख्यासारख्या कलत्या बसवायच्या, एवढीच त्यांची युक्ती. 'जोगीण' या अर्थाचे नाव मिळालेला त्यांचा उभा दिवा ख्रिस्ती जोगिणीच्या शिरोवस्त्राची आठवण करून देतो. लोहकाम लुई दाल्बे यांचे असे. शारो यांनी बेर्नार्ड बायव्हूट यांच्यासह १९२८ ते १९३२ या काळात पॅरिसमध्ये उभारलेल्या 'काचघरा'त संपूर्ण दर्शनी भिंतच काचेच्या विटांची आहे, आणि रात्री बाहेरून टाकलेल्या झोतांनी घराच्या आत उजेड येण्याची योजना तेथे केलेली होती. दिवा वस्तू न राहता वास्तूच होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

(ई) यंत्रयुगाचा दिवा. जाँ पेर्झेल (१८९२-१९८६) हे बोहेमियात जन्मलेले, रंगीत काचचित्रांचे काम शिकलेले कारागीर. १९२३ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये फक्त दिव्यांसाठी कार्यशाळा काढली. खरवडलेल्या व मुलामा दिलेल्या काचेच्या सपाट पट्ट्यांतून सर्वत्र सारखा उजेड कसा पसरेल, याचा त्यांनी अखंड विचार केला. जाक ल शव्हालिए हेही काचचित्रकारच. त्यांनी अॅल्युमिनियमच्या घड्यांचे दिवे केले. वास्तुकार रोबेर माले-स्तेव्हेन्स यांनी तर आन्द्रे सालोमाँ या प्रकाशतंत्रज्ञाच्या साहाय्याने दिव्याची गणिती बाजू तपासली. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या आधुनिक कलावंतांच्या संघात माले-स्तेव्हेन्स, शारो, आयलीन ग्रे प्रभृती एकत्र आले, आणि अलंकरणाची मागील पिढी व यंत्राची पुढील पिढी यांतील दरी उघड झाली. दोघांनाही आपण आज एकाच नावाने ओळखतो, ही संज्ञेची मर्यादा होय.

५. संग्राहकांचा उदय

१९३५ मध्ये पहिल्या प्रवासाला निघालेल्या 'नॉर्मंडी' या जहाजाच्या खिडक्या नसलेल्या भोजनदालनात लालिक यांचे उंच दीपस्तंभ उभे होते. १९४२ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बंदरात त्या जहाजाला आग लागली आणि पुढे ते मोडीत निघाले. दुसऱ्या महायुद्धानंतर या शैलीची रुची ओसरली. झुंबरे माळ्यावर गेली, लोखंड भंगारात गेले.

हे चित्र पालटण्यात एका लिलावाचा मोठा वाटा आहे. वस्त्रकार जाक दूसे यांच्या घरातील वस्तू १९७२ च्या नोव्हेंबरात पॅरिसच्या द्रुओ या लिलावगृहात विकल्या गेल्या, आणि या काळातील फर्निचरला व दिव्यांना अनपेक्षित किंमत आली. आयलीन ग्रे (१८७८-१९७६) तेव्हा हयात होत्या. विस्मृतीतून परत येण्याचे भाग्य त्यांना जिवंतपणी लाभले. २००९ मध्ये इव्ह सां लोराँ व पिएर बेर्जे यांच्या संग्रहाच्या लिलावात त्यांच्या एका आरामखुर्चीला सुमारे २ कोटी १९ लाख युरो एवढी किंमत आली. अशा आकड्यांमुळे संशोधनाला चालना मिळते हे खरे, परंतु बनावटीलाही तितकीच चालना मिळते.

६. दिव्याची पाठचिकित्सा

येथे आपण मूळ प्रतिपादनाकडे येतो. दिवा तपासताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न पुष्पिकेचा, म्हणजे सहीचा. लालिक हयात असेपर्यंत काचेवर 'आर. लालिक' अशी खूण असे. १९४५ नंतर आद्याक्षर गळाले. साहजिकच नंतरच्या काचेवर आद्याक्षर कोरून ती जुनी भासवण्याचे प्रकार झाले. दोम यांच्या सहीत लोरेन प्रांताचा दुहेरी क्रूस असतो. सहीने अस्सलपणा सिद्ध होत नाही. सहीने केवळ दावा मांडला जातो. हस्तलिखिताच्या शेवटी लेखकाचे नाव असले म्हणून ग्रंथ त्याचाच ठरत नाही, हे आपण जाणतोच.

दुसरा प्रश्न द्रव्याचा. लालिक यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र मार्क यांनी कारखाना शिसेयुक्त स्फटिककाचेकडे नेला. तिचे वजन आणि नाद निराळा असतो. क्रोमियमचा मुलामा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या मध्यानंतरच व्यापारी प्रमाणावर आला. तेव्हा १९२० सालचा म्हणून पुढे केलेला दिवा मूळच्या क्रोमियमने चकाकत असेल, तर शंका घेणे रास्त आहे; निकेलचा रंग किंचित पिवळसर व उबदार असतो. युरोपीय अलाबास्टर हा जिप्समचा प्रकार असल्याने नखाने ओरखडला जातो, हाताला गार लागतो आणि पाण्यात किंचित विरघळतो. राळेची नक्कल हाताला कोमट लागते. अलाबास्टर कधीही पाण्याने धुऊ नये, हे या ज्ञानाचेच व्यावहारिक उपांग.

तिसरा प्रश्न प्रक्षेपाचा. एका दिव्याची बैठक आणि दुसऱ्याची छटा एकत्र बसवलेली असते. फुलदाणीला तळाशी भोक पाडून तिचा दिवा केलेला असतो. झुंबराच्या तुटलेल्या वाट्या नव्याने ओतलेल्या असतात. अशा वेळी कडा पाहाव्यात. मूळ वाटी आपल्या कड्यात दशकानुदशके बसलेली असते, तिची झीज आणि कड्याची झीज परस्परांशी जुळते. कारखान्यांच्या जुन्या सूचिपत्रांशी, लालिक यांच्याबाबत १९३२ च्या सूचिपत्राशी आणि फेलिक्स मार्सिलाक यांनी सिद्ध केलेल्या साक्षेपी सूचीशी, ताडून पाहिल्यास पुष्कळ संशय फिटतात.

चौथा प्रश्न तारेचा. पॅरिसमध्ये त्या काळी अनेक भागांत ११० व्होल्टचा पुरवठा होता. आज तेथे व आपल्याकडे २३० व्होल्टचा आहे. कापडी वेष्टणाची जुनी तार ठिसूळ झालेली असते. ती मूळ आहे म्हणून वापरात ठेवणे हा भाबडेपणा होय. ती काढून, चिठ्ठी लावून, दिव्याबरोबर वेगळी जपावी आणि जाणत्या कारागिराकडून नवी तार घालून घ्यावी. फ्रान्समधील जुन्या दिव्यांत बहुधा खुंट्यांचा होल्डर असतो आणि तो आपल्याकडे सर्वपरिचित आहे, ही सोय. आजचे एलईडी बल्ब तुलनेने फारच कमी तापत असल्याने काचेला व अलाबास्टरला तडा जाण्याचे भय बरेच कमी होते. मात्र त्यांचा रंग पांढरा न घेता तंतूच्या बल्बासारखा पिवळट घ्यावा. अन्यथा मधाच्या रंगासाठी घडवलेली काच चुनखडीसारखी दिसते.

प्रस्तुत लेखकानेही एकदा या प्रश्नांचा क्रम उलटा लावला होता. पॅरिसमधील अभ्यासप्रवासात जुन्या बाजारात एका विक्रेत्याकडे दोम यांच्या सहीची एक छटा दिसली. शिष्यवृत्तीच्या पैशांतून ती घेतली, कपड्यांत गुंडाळून मायदेशी आणली. पुढे भिंगाखाली पाहता असे आढळले की काचेवरील जुने ओरखडे सहीच्या अक्षरांपाशी येऊन तुटतात. ओरखडे आधीचे, अक्षरे नंतरची. ज्याने आयुष्यभर विद्यार्थ्यांना पोथीतील शाई आणि अक्षरवळण तपासायला सांगितले, त्याने काच मात्र नावावर विश्वासून घेतली. ती छटा आजही अभ्यासिकेत आहे. तिचा उजेड सुंदरच आहे. खोटे आहे ते फक्त नाव.

७. माणिकबाग : संदर्भ गमावलेला दिवा

या विषयाचा मराठी इतिहासाशी खरा दुवा आहे तो इंदूरचा. यशवंतराव होळकर दुसरे (१९०८-१९६१) यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट म्युथेसियस यांच्याकडून विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी माणिकबाग हा राजवाडा सिद्ध करून घेतला. आश्रयदाता आणि वास्तुकार दोघेही तेव्हा विशीतले होते. रूलमान, आयलीन ग्रे, लुई सोन्यो व शार्लोत आलिक्स, गालिचाकार इव्हान दा सिल्व्हा ब्रुन्स, रौप्यकार प्युइफोर्का अशा पॅरिसच्या कलावंतांच्या कृती तेथे आल्या. दिव्यांची रचना प्रामुख्याने म्युथेसियस यांची होती. वाचनाच्या खुर्चीतच दिवे बसवण्याची त्यांची कल्पना प्रसिद्ध आहे. म्हणूनच माणिकबागेतील प्रत्येक दिव्याला 'फ्रेंच' म्हणणे चूक ठरेल.

१९८० च्या मे महिन्यात मोनाको येथे या राजवाड्यातील वस्तूंचा लिलाव झाला आणि त्या जगभर पांगल्या. वास्तू इंदूरलाच राहिली व तेथे केंद्र सरकारच्या कर विभागाचे कार्यालय आले. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयाने या महाराजांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा पांगलेल्या वस्तूंपैकी काही पुन्हा एकत्र दिसल्या. परंतु त्या पॅरिसमध्ये दिसल्या. माळव्याच्या उन्हाचा विचार करून योजलेल्या खोलीतला दिवा सीन नदीच्या काठी लावला, तर तो दिवा तोच असतो, पाठ तोच नसतो. ओवी संदर्भातून उचलून सुभाषित म्हणून छापली की तिचे जे होते, तेच येथे होते.

८. समारोप

ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले प्रक्षेप दूर करून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. संतकाव्य आणि काचेची छटा यांची तुलना येथे अभिप्रेत नाही. तुलना आहे ती कर्तव्याची. जे हाती आले त्यातील मूळ कोणते, मागाहून घातलेले कोणते, हे सांगणे आणि दोन्हींची नोंद ठेवणे हे संग्राहकाचे काम आहे. दिवा कोठून आला, कोणत्या खोलीत होता, त्याची कोणती वाटी बदलली, तार कधी बदलली, हे लिहून ठेवणारा संग्राहक पुढच्या अभ्यासकासाठी प्रत सिद्ध करीत असतो. हे न लिहिणारा केवळ मालक असतो.

ही नोंद आपल्याकडे अधिक निकडीची आहे. संस्थानिकांचे वाडे, मुंबईतील त्या काळच्या इमारती व चित्रपटगृहे यांतील दिवे आजही उतरवले जातात, आणि उतरवताना ते कोठे टांगलेले होते हे कोणी टिपून घेत नाही. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन व आर्ट डेको वास्तुसमूहांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. परंतु तो वारसा मुख्यतः भिंतींचा आहे. भिंतींच्या आतला उजेड कसा होता हे उद्याच्या अभ्यासकाला कळावयाचे, तर दिवा उतरवण्यापूर्वी एकदा तो लावून पाहावा, आणि जे दिसले ते लिहून ठेवावे.